पीआर टाकला, आता पुढे काय?

ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो तिथे, नवीन येणाऱ्यांसाठी जी डॉक्स (माहितीची पानं) असतात ना, त्यात फोर्क करा, क्लोन करा, ब्रँच काढा, कमिट करा, पुश करा हे कोडची प्रत घेऊन त्यात बदल करायचं सगळं अगदी व्यवस्थित असतं, आणि नेमकं तेवढंच बाहेर हजार ठिकाणी फुकट मिळतं. कुठेच मिळत नाही ते म्हणजे या प्रोजेक्टमध्ये गेल्यावर आपल्या बाबतीत नक्की काय काय होणार. टेस्ट चालवल्या की स्क्रीनवर काय दिसतं, इश्यू (नोंदवलेला बग किंवा काम) घ्यायच्या आधी विचारायचं का सरळ कामाला लागायचं, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती) टाकल्यावर किती दिवस गप्प बसायचं, कोणाला टॅग केलेलं चालतं आणि कोणाला केलं की तो वैतागतो. नवीन पोरं गळतात ती इथे. गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कमांड येत नाहीत म्हणून सोडून गेलेलं मी तरी फारसं कोणी बघितलेलं नाही.

मी पुण्यात कॉलेजच्या मुलामुलींना पहिल्या पीआरपर्यंत न्यायला मदत करते, वीकेंडला, जमेल तसं. बहुतेक सगळे पायथनवाले, त्यामुळे जँगो, म्हणजे वेबसाईट बनवायचं पायथनचं फ्रेमवर्क, जास्त बघितलं जातं, आणि जँगोची डॉक्स चांगली म्हणून प्रसिद्धच आहेत, पण ती चांगली का आहेत हे फार कोणी उघडून बघत नाही, म्हणून तिथूनच सुरू करते.

जँगोच्या डॉक्समध्ये पहिलं कॉन्ट्रिब्युशन कसं करायचं याचं एक ट्युटोरियल आहे. त्यात तुम्हाला एक तिकीट (जँगोमध्ये इश्यूला तिकीट म्हणतात) देतात, नंबर ९९९९९, विषय काय तर टोस्ट बनवायची सोय. मेक टोस्ट नावाचं फंक्शन लिहायचं, ते 'टोस्ट' एवढी स्ट्रिंग परत देतं, बास. असं तिकीट खरं नाहीये आणि असलं फंक्शन जँगोमध्ये कोणाला नकोय. पोरं पहिल्यांदा हसतात, काहींना तर अपमान वाटतो की आम्हाला काय टोस्ट करायला लावताय, आम्हाला खरा बग द्या. गंमत म्हणजे आधी या ट्युटोरियलमध्ये खरंच तिकीट होतं, २४७८८ नंबरचं, फॉर्मच्या क्लासवरच प्रिफिक्स देता यावा असं काहीतरी, आणि ते करायला गिटमध्ये मागे जाऊन तो बदल व्हायच्या आधीच्या कमिटवर, म्हणजे कोडच्या जुन्या नोंदीवर, जायला लागायचं. ऐकायला भारी आहे, खरं तिकीट, खरा इतिहास. पण ते २०१५ चं तिकीट, म्हणजे मागे गेलात की त्या काळातला जँगो, आणि तो चालवायला त्या काळातला पायथन, आणि त्या काळातल्या डिपेंडन्सी (त्याला लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी), आणि तुमच्या लॅपटॉपवर मात्र कालच टाकलेलं सगळ्यात नवीन व्हर्जन. शिकायला आलेला माणूस पॅच (आपला बदल) लिहायच्या आधी जुन्या व्हर्जनच्या भांडणात अडकणार. टोस्ट तिकीट शिळं होत नाही, कारण ते जँगोच्या कुठल्याच खऱ्या व्हर्जनला बांधलेलं नाही. उद्या कोणीतरी ते मर्ज करून टाकेल, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेईल, ही पण भीती नाही.

गिटवाल्यांनी पण हेच केलंय, आणि ते तर जास्तच मजेशीर. २०१९ मध्ये गिटच्या सोर्समध्येच 'माय फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन' नावाचं डॉक्युमेंट आलं, त्यात तुम्ही गिटला एक नवीन कमांड जोडता, नाव पी, एस, यू, एच. म्हणजे पुश लिहिताना घाईत बोटं उलटसुलट पडली की जे होतं ते. सगळे रोज चुकून ही कमांड मारतात तरी अजून कोणी ती बनवली नाही असा सूर लावलाय. सी मध्ये फाईल लिहायची, मेकफाईलमध्ये नाव टाकायचं, टेस्ट लिहायची, मॅन पेज (कमांडचं माहितीपान) लिहायचं, सगळा फेरफटका होतो आणि शेवटी फेकून द्यायचं. मला वाटतं ज्या प्रोजेक्टला नवीन माणसं खरंच हवी आहेत त्यांनी आधी असं एक खोटं, निरुपयोगी फीचर शोधावं. नवख्यांसाठी 'गुड फर्स्ट इश्यू'चं लेबल लावलेले खरे इश्यू तसे पण दोन दिवसात कोणीतरी उचलतं आणि तिसऱ्या दिवशी आलेल्याला काहीच उरत नाही, टोस्ट मात्र कितीही जणांनी बनवला तरी संपत नाही.

पण जँगोच्या ट्युटोरियलमधला माझा सगळ्यात आवडता भाग टोस्ट नाहीये. तो म्हणजे टेस्ट सूट चालवल्यावर काय दिसतं त्याचा एक छोटासा पॅरेग्राफ. टेस्ट हजारो आहेत, टर्मिनलवर टिंबं टिंबं टिंबं सुरू होतात आणि मधेच अक्षरं यायला लागतात. तिथे लिहिलंय की ई आलं तर एरर, एफ आलं तर फेल, हे दोन म्हणजे टेस्ट पडली, एक्स म्हणजे ही पडणार हे माहीतच होतं, एस म्हणजे वगळली, आणि टिंब म्हणजे पास. आणि पुढे हे पण सांगितलंय की वगळलेल्या बहुतेक वेळा एखादी बाहेरची लायब्ररी तुमच्याकडे नाही म्हणून वगळल्या जातात, काही टेस्ट तर ठराविक डेटाबेस असला तरच चालतात. आता ज्याला हे माहिती आहे त्याला हा पॅरेग्राफ फालतू वाटेल. पण मी समोर बसून बघितलंय, स्क्रीनवर एस एस एस एस यायला लागलं की मुलगी कंट्रोल सी दाबते, पुन्हा सगळं अनइन्स्टॉल करते, पुन्हा टाकते, तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय. तो पॅरेग्राफ वाचलेली शांतपणे चहा घेऊन येते. आणि अजून एक वाक्य आहे तिथे, की तुम्ही काहीच बदललेलं नसताना एखादी टेस्ट पडली तर प्रोजेक्टच्या सीआयवर (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) जाऊन बघा, तिथे पण पडतेय का. म्हणजे दोष तुमचाच असेल असं गृहीत धरू नका. हे वाक्य लिहायला कोणाला पाच मिनिटं लागली असतील, पण त्यानं किती लोक वाचले असतील कोण जाणे.

डॉक्स सुधारायची म्हणजे माझ्या दृष्टीने हे. कमांड लिहिली की तिच्या खाली लिहा की आता काय दिसेल, साधारण किती वेळ लागेल, आणि दिसलं तरी घाबरायचं नाही असं काय काय आहे.

सीपायथनच्या, म्हणजे मूळ पायथनच्याच प्रोजेक्टच्या, डेव्हगाईडमध्ये याचा एक जबरी नमुना आहे. सोर्सवरून पायथन बिल्ड केला की लिनक्सवर पायथन नावाची फाईल तयार होते, पण मॅकवर तयार होते पायथन डॉट ईएक्सई. मॅकवर! डॉट ईएक्सई! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटणार आपण चुकून विंडोजचं बिल्ड केलं. कारण इतकंच की रेपोमध्ये (प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवलेली जागा) कॅपिटल पी वाला पायथन नावाचा फोल्डर आधीच आहे आणि मॅकची फाईल सिस्टीम साधारणपणे लहान मोठ्या अक्षरात फरक करत नाही, म्हणून त्याच नावाची फाईल तिथे बसू शकत नाही. जुन्या लोकांना याचं काही वाटत नाही, नवीन माणूस तासभर डोकं धरून बसेल. डेव्हगाईडमध्ये ते लिहिलेलं आहे म्हणून ठीक. एसटी स्टँडवर फलाटाच्या पाट्या काढून टाकल्या तरी रोज जाणाऱ्याची गाडी चुकत नाही, आणि म्हणूनच पाटी पडलीये हे त्याच्या लक्षात पण येत नाही. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या, लोकांचं अगदी तसं होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचं मशीन कित्येक वर्षांपूर्वी सेट झालेलं असतं.

सेटअपचं एक वेगळंच आहे. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांकडे विंडोज लॅपटॉप, आठ जीबी रॅम, आणि नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. लातूरहून, सांगलीहून शिकायला आलेली मुलं, होस्टेलवर राहतात. डॉक्समध्ये मात्र गृहीत धरलेलं असतं की तुमच्याकडे लिनक्स किंवा मॅक आहे, डॉकर (लागणारं सगळं एका डब्यात बांधून चालवायचं टूल) चालतंय आणि नेट कितीही आहे. तर डॉक्समध्ये फक्त एवढं लिहावं की क्लोन साधारण किती एमबीचं आहे, रॅम कमीत कमी किती लागते, विंडोजवर थेट चालतं का डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) लागतं, आणि फक्त डॉक्सची दुरुस्ती करायची असेल तर अख्खा इतिहास न घेता डेप्थ एक देऊन क्लोन केलेलं चालेल का. चार ओळी आहेत. त्या नसल्या की माणूस अर्धा दिवस डाऊनलोड करतो आणि मग कळतं की आपल्या मशीनवर हे होणारच नाही.

आणि कधी कधी डॉक्स सुधारणं म्हणजे डॉक्स उडवणं. सतरा स्टेप्सची यादी असेल तर ती सुंदर भाषेत लिहिण्यात काही मतलब नाही, तिची स्क्रिप्ट करा. फायरफॉक्सचं बघा, माक बूटस्ट्रॅप अशी एक कमांड आहे, ती तुमच्या मशीनवर काय नाहीये ते बघून स्वतःच आणते. झुलिप या चॅट अ‍ॅपमध्ये टूल्स फोल्डरमध्ये प्रोव्हिजन नावाची स्क्रिप्ट आहे, तसंच काम. स्क्रिप्टचा फायदा हा की ती बिघडली तर कोणीतरी ओरडतं, स्टेप नंबर अकरा चुकीची झाली तर कोणी ओरडत नाही, प्रत्येक जण आपापल्या घरी गुपचूप अडकतो. जँगोने २०२१ मध्ये मुख्य ब्रँचचं नाव मास्टरवरून मेन केलं, गिटहबने नवीन रेपोंसाठी ते २०२० मध्येच केलं होतं, आणि मला आजही कॉन्ट्रिब्युटिंगच्या फाईलमध्ये 'मास्टरवरून ब्रँच काढा' लिहिलेले प्रोजेक्ट दिसतात जिथे मास्टर नावाची ब्रँच शिल्लकच नाही. याचा अर्थ तेव्हापासून ती फाईल कोणी वाचून, तसं करून बघितलेलंच नाही.

आता इश्यू घेण्याचा विषय. आपल्याकडची मुलं इश्यूखाली जाऊन लिहितात 'सर प्लीज असाइन धिस इश्यू टू मी'. एकाच इश्यूखाली असे आठ दहा सर प्लीज. मेंटेनर युरोपात नाहीतर अमेरिकेत बसलेला, त्याला वाटतं हे काय, आणि मग ट्विटरवर भारतीय मुलांची टिंगल. मुलांचं पण चूक म्हणवत नाही, शाळा कॉलेजात बारा पंधरा वर्षं विचारल्याशिवाय काही करायचं नाही असंच शिकवलेलं असतं, परवानगी मागणं हा आपल्याकडे चांगुलपणा आहे. त्या प्रोजेक्टमध्ये पद्धत वेगळी असेल तर ती लिहून ठेवायला नको का? झुलिपने हे छान सोडवलंय, इश्यूखाली झुलिपबॉट क्लेम असं लिहायचं, बॉट तुमच्या नावावर इश्यू करतो, आणि तुमचं अजून काहीच मर्ज झालेलं नसेल तर एका वेळी एकच देतो. सर नाही, प्लीज नाही, वाट बघणं नाही. जँगोचं काम ट्रॅक नावाच्या तिकिटांच्या साईटवर चालतं, तिथे तिकीट आधी 'अ‍ॅक्सेप्टेड' स्टेजला आलेलं असावं लागतं, मग स्वतःच स्वतःच्या नावावर करून घ्यायचं, कोणाची परवानगी लागत नाही. उलट 'अनरिव्ह्यूड' तिकिटावर कितीही मेहनत केली तरी ती वाया जायची शक्यता जास्त, कारण हा बदल हवा का नको हेच अजून ठरलेलं नसतं. हे सगळं जँगोच्या डॉक्समध्ये आहे, फक्त खूप आत आहे. मला विचाराल तर हा मजकूर टोस्टच्याही आधी यायला पाहिजे.

कमिट मेसेजचं पण बघा. जँगोला भूतकाळ लागतो, 'फिक्स्ड' असं सुरू करून तिकीट नंबर, मग दोन डॅश, मग काय केलं ते, आणि शेवटी पूर्णविराम. गिटला आणि लिनक्स कर्नलला (लिनक्सचा गाभा) नेमकं उलटं, आज्ञार्थी लिहा, हे कर ते कर अशा थाटात. दोन्हीकडे नवीन असलेल्या माणसाला रिव्ह्यूमध्ये पहिली कमेंट याचीच येते, कोडबद्दल एक शब्द नाही. ज्या गोष्टीवर पहिल्या रिव्ह्यूत हमखास कमेंट येते ती गोष्ट डॉक्समध्ये वर हवी, इतका साधा नियम आहे. मेंटेनर असाल तर आपल्याच जुन्या शंभरेक रिव्ह्यू कमेंट काढून वाचा, कुठलं वाक्य तुम्ही सारखं सारखं टाइप करताय ते दिसेल, ते उचलून फाईलमध्ये टाका.

आणि मग ती शांतता. पीआर टाकला, सीआय हिरवं झालं, आणि पुढे काहीच नाही. एक आठवडा, दोन आठवडे. माझ्याकडच्या एका मुलाने एका बऱ्यापैकी मोठ्या प्रोजेक्टमध्ये पीआर टाकला होता, नाव नको, काहीच उत्तर नाही म्हणून त्याने स्वतःच बंद करून टाकला, त्याला वाटलं आपलं इतकं वाईट आहे की कोणाला बोलायची पण इच्छा नाही. खरं कारण काय असेल, रिव्ह्यू करणारे दोन जण, त्यातला एक सुट्टीवर. लिनक्स कर्नलची माणसं फटकळ म्हणून बदनाम आहेत, पण त्यांच्या पॅच पाठवण्याच्या डॉक्युमेंटमध्ये हे स्वच्छ लिहिलंय की काही आठवड्यात, साधारण दोन ते तीन, उत्तर यायला हवं, नाही आलं तर योग्य ठिकाणी पाठवलंय ना ते तपासा, आणि पुन्हा विचारण्याआधी कमीत कमी एक आठवडा थांबा, मर्ज विंडो (नवे बदल आत घ्यायचा गर्दीचा काळ) सुरू असेल तर आणखी थोडं. त्या भागाचं शीर्षकच खचू नका आणि उतावीळ पण होऊ नका अशा अर्थाचं आहे. गिटच्या त्या डॉक्युमेंटमध्ये सुद्धा पॅच ईमेलने गेला, आता पुढे काय, असा चक्क वेगळा भाग आहे. रिव्ह्यूला उत्तर कसं द्यायचं, पुढचं व्हर्जन पाठवायची घाई का करायची नाही, सगळं त्यात. माझ्या मते कॉन्ट्रिब्युटर डॉक्समधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आणि सगळ्यात जास्त प्रोजेक्टमध्ये गायब असलेला भाग पण हाच. बाकी काही जमलं नाही तर निदान एवढं लिहा की आमच्याकडे रिव्ह्यूला साधारण इतके दिवस लागतात, अमुक दिवसांनी एकदा आठवण करून दिलीत तर आम्हाला राग येत नाही.

आता आपल्याकडच्या गोष्टीवर पण बोलते, कारण नुसतं प्रोजेक्टांना सांगून चालणार नाही. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर ओपन सोर्समध्ये पीआर टाकायची मोहीम) चार पीआर टाकले की टीशर्ट होता, आणि रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणारी फाईल) 'अमेझिंग प्रोजेक्ट' सारखे शब्द घालणाऱ्या पीआरचा इतका पूर आला की महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलायला लागले, ज्या प्रोजेक्टला हवंय त्यांनीच भाग घ्यायचा असं झालं. त्यानंतर २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या रेपोमध्ये रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या पीआरची रांग लागली, एका लोकप्रिय व्हिडिओत शिकवताना उदाहरण म्हणून तो रेपो दाखवला होता आणि बघणाऱ्यांनी जसंच्या तसं केलं. जगभर आपल्या मुलांचं नाव खराब झालं ते झालंच, पण मला त्यात दुसरं पण काही दिसतं. ही मुलं आळशी नव्हती, त्यांनी सांगितलेली प्रत्येक स्टेप बरोबर केली. फोर्क, क्लोन, ब्रँच, कमिट, पुश. त्यांना फक्त यांत्रिक भाग शिकवला होता, पलीकडे माणूस आहे आणि प्रत्येक पीआरची नोटिफिकेशन कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडते हे कोणी सांगितलंच नाही. सराव करायचाच असेल तर त्यासाठी मुद्दाम ठेवलेले रेपो आहेत, 'फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन्स' नावाचा आहे, तिथे नावच टाकायचं असतं, खुशाल टाका, त्याच्या रीडमीची कितीतरी भाषांमध्ये भाषांतरं आहेत.

यातून एक वाईट झालं, डॉक्सचा पीआर म्हटलं की मेंटेनर आता आधी संशयाने बघतात. दोन कॉमा आणि एक स्पेलिंग बदललेला पीआर असला की झालंच. म्हणून मी मुलांना सांगते की स्पेलिंग शोधत फिरू नका. तुम्ही सेटअप करताना जिथे अडकलात ते, नेमकं तेवढंच, दुरुस्त करा, आणि पीआरमध्ये लिहा की मी विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये ही स्टेप केली, हा एरर आला, असं केल्यावर सुटला, आणि हे आधी लिहिलेलं असतं तर मी अडकलो नसतो. असा पीआर कोणीही मेंटेनर टाळत नाही, कारण ही माहिती त्याच्याकडे असूच शकत नाही. पण यात एक मेख आहे, अडकल्यावर लगेच लिहून ठेवायला लागतं. दोन महिन्यांनी तुम्हाला आठवत पण नाही की ते कधी अवघड होतं, तुम्ही पण पाटी न बघता गाडी पकडणाऱ्यातले होता. म्हणून सेटअप सुरू करतानाच शेजारी एक साधी टेक्स्ट फाईल उघडी ठेवा, प्रत्येक एरर आणि त्यावर काय केलं ते चिकटवत जा, मराठीत, इंग्रजीत, मिंग्लिशमध्ये, कसंही. आणि मेंटेनर असाल तर एखाद्या नवीन माणसाला शेजारी बसवा, त्याला तुमचीच डॉक्स उघडून द्या आणि तोंड बंद ठेवून बघा. तोंड बंद ठेवणं फार अवघड जातं, 'अरे ते नाही, खालचं' असं येतंच तोंडात, पण तुम्ही बोललात की ते वाक्य डॉक्समध्ये जायचं राहतं.

जँगोपासून सुरुवात करायची असेल तर थोडं प्रॅक्टिकल. डॉक्स वेगळ्या रेपोत नाहीत, कोडच्याच रेपोमध्ये डॉक्स फोल्डरमध्ये आहेत, आणि नवीन फीचरचा पॅच असेल तर टेस्ट आणि डॉक्स दोन्ही असल्याशिवाय तो आत जात नाही. कॉन्ट्रिब्युटरांसाठीचा मजकूर डॉक्समध्ये इंटर्नल्स, त्यात कॉन्ट्रिब्युटिंग, तिथे. फुटकळ दुरुस्तीला ट्रॅकवर तिकीट लागत नाही, सरळ पीआर, पण पॅरेग्राफ बदलायचा असेल, क्रम बदलायचा असेल तर आधी तिकीट काढा, नाहीतर तुम्ही आठवडाभर लिहिणार आणि कोणीतरी म्हणणार हे नकोच. लिहून झालं की डॉक्स फोल्डरमध्ये मेक एचटीएमएल चालवून आपला बदल ब्राउझरमध्ये कसा दिसतो ते बघा, विंडोजवर त्यासाठी मेक डॉट बॅट आहे. शिवाय मेक स्पेलिंग पण चालवा, आणि त्यात एखादा बरोबर शब्द उगाच लाल आला तर तो स्पेलिंग वर्डलिस्ट नावाच्या फाईलमध्ये घालायचा असतो, पण घालायच्या आधी त्याऐवजी साधा शब्द चालतोय का ते बघा, बऱ्याचदा चालतो.